अकरा थेंब

गच्चीवर टब चढवला तेव्हा गोरव्यात बातमी फिरली,
शितोळ्यांनी वर गरम पाण्याची विहीर खणली म्हणून.
हर्षिदाबेन आल्या, वाकून बघितलं,
"माई, यात तूरडाळ शिजेल का?"

गुडघे माझे, पैसे यांच्या फंडाचे.
छत्तीस वर्षं बाजव्याच्या खतकारखान्यात हे मीटर जुळवायचे.
कुठला काटा खोटं बोलतोय
ते त्याच्या थरथरीवरून ओळखायचे.
फक्त लाल आणि हिरवा
यांना जन्मापासून एकच दिसतात.
लग्नाच्या तिसऱ्या वर्षी कळलं मला,
तिखटासाठी म्हणून मांडवीतून
ओल्या हिरव्या मिरच्या किलोभर घेऊन आले तेव्हा.

म्हणून रविवारी आम्ही दोघं लागतो.
हे बाही वर करून कोपरापर्यंत हात घालतात,
वरचं पाणी नको, फवाऱ्याजवळचं नको.
नळी त्याच पाण्याने तीनदा विसळायची.
बाटली उभी धरायची, अगदी ओळंब्यात;
तिरकी धरली की थेंब बारके पडतात,
मग मोजून उपयोग काय?
प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख, यांच्या अक्षरात.
मागे उशीचा पांढरा अभ्रा, उन्हाकडे माझी पाठ.

हे थेंब मोजतात. मी रंग बघते.
"आहे?"
"आहे."
"आता?"
"आहे, फिकट."
"गेला?"
"थांबा."
"…"
"गेला."
चाळीस वर्षांत एवढं सलग
आम्ही दुसऱ्या कशावर बोललो नाही.

मार्चमध्ये आठवडाभर मी बहिणीकडे, दाहोदला.
यांनी पट्ट्यांवर भागवलं. फोन आला,
"पट्टी पांढरी. पाण्यात काहीच उरलं नाही. चमचाभर घातलं."
दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी. पुन्हा चमचा.
मी परतले तर जिन्यातच डोळे चुरचुरले,
आणि दोरीवरच्या निळ्या टॉवेलला
पांढरे चट्टे, कोड फुटल्यासारखे.

पट्टी मीही बघितली. पांढरीच होती.
मग नळी भरली, पूड टाकली.
"आहे?"
"नाही. म्हणजे, होता."
"होता म्हणजे?"
"पूड पडली तेव्हा. पापणी लवेपर्यंत. गुलाबी."

हे गप्प झाले. मग खाली जाऊन
इन्व्हर्टरसाठी आणलेल्या शुद्ध पाण्याचा कॅन घेऊन आले.
एक भाग टबातलं, नऊ भाग ते.
पूड टाकली आणि नळीत एकदम
रक्ताला पाणी लावावं तसा रंग.
एक, दोन, तीन… अकराव्या थेंबाला नितळ.
"अकरा पंचे पंचावन्न," हे म्हणाले.
पाच पुष्कळ होतात.
"इतकं जास्त होतं की रंगच खात होतं.
पट्टी त्याला शून्य म्हणाली."

दिगूभावजींना दुमाड चौकडीवरून आणलं
त्या दिवसाचं मला अचानक आठवलं.
धाकटा भाऊ. यांनी खांदा दिला,
आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेले, डबा घेऊन.
थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, याला काही नाही, दगड आहे.
मी नाही म्हटलं नाही.
आत्ता आठवून बघते, तिरडी उचलताना
पापणी लवेपर्यंत काही दिसलं होतं का?
माझी तेव्हा उन्हाकडे पाठ नव्हती.
मी भाताच्या पातेल्याकडे बघत होते.

झाकण चार दिवस उघडं ठेवलं. ऊन पितं म्हणे ते.
कावळा काठावर बसला, मान तिरकी करून बघितलं,
पाणी न पिता गेला.
आज रविवार. अभ्रा धुतलाय.
हे बाटली उभी धरून बसलेत, पहिला थेंब टोकाला आलाय,
आणि मी नळीऐवजी यांच्याकडे बघतेय.
"आहे?" हे विचारतात.
"आहे," मी म्हणते.
"अहो, अजून थेंब पडायचाय."