चार लाख बारा हजार

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे दोन पिकअप.
एक पांढरी, एक कधीकाळची निळी.
पांढरीचं मीटर एक लाख नव्वद हजार,
नवा रंग, नव्या मॅटिंगचा वास.
दलाल म्हणाला, ताई, हात लावाल तिथे लोणी.

निळीचं मीटर चार लाख बारा हजार.
तिचा मालक पास्कल लोपीस,
वसईहून केळी आणायचा,
बाजूला उभा. काहीच बोलेना.

इद्रिसमामांनी पांढरीचं इंजिन चालू ठेवून
ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरला.
ओल्या हाताचा वास घेतला.
मग वाकून क्लचचा पेडल दाखवला:
रबर संपून लोखंड उघडं.
"मीटर मागे फिरतं, हेमांगी. पाय फिरत नाहीत."

मला बर्फ न्यायचाय,
पहाटे साडेतीनला, भाऊच्या धक्क्यावर.
बंद पडली
तर धंदा रस्त्यावरच वितळतो.

निळी थंड होती. दोनदा खोकली,
तिसऱ्यांदा लागली.
धूर आधी पांढरा, मग दिसेना.
डॅशबोर्डच्या कप्प्यात तेलकट वही,
प्रत्येक ऑइलबदल, तारीख, किलोमीटर,
आणि एका पानावर एवढंच:
टर्बो. रोझीची कर्णफुलं.

वीस हजार पाडायचे ठरवून आले होते.
पाचच म्हणाले.
मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी टायरकडे.

पास्कलनं चावी दिली,
मग परत मागितली.
"रिव्हर्स जरा अडतो. कसा टाकायचा, दाखवतो एकदा."

एकदा पुरे होतं.
त्यानं तीनदा दाखवलं.