आभाळात अर्धा मिलिमीटर

आज आभाळात पाणी किती,
इथे आधी एवढंच विचारतात.
पाच हजार मीटरवर, नाकात प्राणवायूची नळी.
अर्धा मिलिमीटर, मी सांगते,
आणि सगळे खूश.

सातुर्निनो पूका तेवढा होत नाही.
तो आमची गाडी चालवतो. खाली तोकोनाओत
ऑक्टोबर आला की त्याचं गाव पाट उपसतं,
फावडी आडवी टाकून पाण्याला हाका मारतं.
आम्ही वर बसून तेच पाणी नको म्हणतो.

दिवे घालवू का, पहिल्या रात्री त्यानं विचारलं.
नको. आमच्या दुर्बिणीला अंधार लागत नाही,
कोरडेपणा लागतो.
"मग बघता काय?"

काय सांगणार.
दीर्घिका एकेक सुटी करायला ही तबकडी लहान.
आम्ही सगळ्यांचा मिळून पुसट उजेड घेतो,
एकाच रेषेचा, कार्बनच्या.
ती जितकी ताणून आली तितकी जुनी.
ढग निवल्याशिवाय तारा पेटत नाही,
आणि ढगाची धग बाहेर टाकतो तो हा कार्बन.
रेषा जिथे ठळक
तिथे तारे घडत होते,
पृथ्वी नव्हती तेव्हा.

तो वळणावर गाडी थांबवतो.
खाली मिठाच्या पठाराकडेला त्याचं गाव:
बोटानं पुसल्यासारखा पिवळा डाग.
एकही खिडकी वेगळी दिसत नाही.
"आज कुणाकडे तरी लग्न आहे.
मंगळवारी एवढा नसतो."
थोड्या वेळानं, "दोन्सेलिया आजीचा एकच बल्ब.
तोही धरूनच एवढा."

पलीकडे आणखी एक उजेड, मोठा, पांढरा.
"तो धरू नकोस. लिथियमचा कारखाना.
आमच्यात मिसळलेला दिसतो इथून. आमचा नाही."

तीन वर्षं मी हेच करते आहे.
जवळच्या दीर्घिकांची भलतीच रेषा
आमच्या रेषेचं सोंग घेऊन येते,
ती हुडकायची, वजा करायची,
उरलेलं पुन्हा तपासायचं.
उरतं ते अजून
गोंगाटाच्या वर डोकं काढत नाही.

काल संध्याकाळी पूर्वेकडून ढग चढले.
चार मिलिमीटर.
तबकडी झाकली, मी वहीत लिहिलं: निरीक्षण नाही.
सातुर्निनोनं माझ्या खांद्यावरून आकडा वाचला,
पुन्हा एकदा वाचला,
आणि गावी फोन लावायला बाहेर गेला,
टोपी न घालताच.