चार बोटं

फेरोमधल्या आमच्या या बेटावर
झाड म्हणावं असं झाड नाही.
लाकूड येतं ते समुद्राला वाटेल तेव्हा:
कुठल्याशा सैबेरियन नदीतून सुटलेला ओंडका,
वर्षं-दोन वर्षं भिजून, मिठात मुरून.
टोर्किल बोटाच्या पेरानं ठोकून विचारतो त्याला,
दाराशी आलेल्या परक्याला विचारावं तसं.

गाठ निघाली तर कुंपणाला.
वल्ह्याला गाठ चालत नाही,
ती नेमकी ओहोटीच्या ओढीत मोडते.

मग वाकस, मग रंधा,
शेवटी बाटलीच्या काचेचा तुकडा.
फुटपट्टी भिंतीवरच लटकलेली.
तो माणसाचे हात बघतो.

काल सुन्वा आली.
हानुसची वल्ही खांद्यावर,
मुठी काळ्याभोर,
त्याच्या अंगठ्यांनी खोलगट केलेल्या.
"कापून दे. मला लांब पडतात."

पात्याकडून कापत नाहीत, तोल जातो.
कापायची ती मूठच.
टोर्किलनं हे तिला सांगितलं नाही.
तिला ठाऊक होतं.

करवत चालली. मी रंध्याची धार बघत बसलो,
धार चांगली होती.
चार-चार बोटांचे दोन तुकडे भुशात पडले.
तिनं उचलले, फुंकले,
एप्रनच्या खिशात टाकले
आणि म्हणाली, "पैसे किती?"

आज पहाटे तिची होडी खाडीत,
जराशी उजवीकडे ओढत.
टोर्किल खिडकीशी, हातात कॉफी.
"डावी मूठ जाड राहिली," म्हणाला,
"शनिवारी येईल."