गार झाल्यावरचं माप

रंकाळ्यावर फेऱ्या मारणारी मूमल गेली
तेव्हा भेराराम म्हणाला, मॅडम, डोकं तुम्ही ठेवा,
कॉलेजात राहील तरी.
चार महिन्यांनी तिचं पिल्लूही गेलं.
त्या वेळी काही बोलला नाही.
गोणपाटात बांधून आणलं, चहासुद्धा घेतला नाही.

विभागामागच्या निलगिरीखाली दोन्ही पुरली.
एक उन्हाळा, एक ऊसतोडीचा हंगाम
मुंग्या आणि माती राबत राहिल्या.
उकरली तेव्हा आईची कवटी हातभर,
पिल्लाची मांडीवर मावेल एवढी.

मोजायला अप्पांचा व्हर्निअर आणला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं बिडावर फिरलेला,
त्याच्याही जबड्यांना अजून तेलाचा वास.

आईची कवटी एकावन्न सेंटिमीटर,
पिल्लाची एकतीस.
दाढही त्याच हिशेबात लहान असणार,
कुणीही धरून चालेल. मीही चालले.

मग पिल्लाच्या जबड्याला बारीक करवतीनं
खिडकी पाडली.
आत पहिली कायमची दाढ,
हिरडीबाहेर कधीच न आलेली,
माथ्यावर कोऱ्या चंद्रकोरी.
बाभळीचा एक काटा नाही, उसाचं एक वाढं नाही,
काहीच गेलं नव्हतं तिच्यावरून.

अडतीस पूर्णांक चार मिलिमीटर.
आईची तीच दाढ
तेहेतीस पूर्णांक एक.

शून्य तपासलं. पुन्हा मोजलं.
शिपाई काळगेंना मोजायला लावलं,
ते म्हणाले, माझा चष्मा घरी राहिलाय,
पण मोठी पिल्लाचीच.

पुस्तकात होतंच हे, वाचलं होतं, शिकवलंही होतं:
हाड वाढतं, दात वाढत नाही.
त्याचा माथा एकदाच घडतो, पुरता, अंधारात,
ज्या डोक्यासाठी घडतो
ते डोकं अजून झालेलंच नसतं.
मग जबडा लांबतो, मागं जागा होते,
एकेक दाढ रांगेत येते,
आणि उजेडात आल्या दिवसापासून
फक्त कमी होत जाते.
आई कमी होत होत तेहेतिसावर आली होती.

रात्री अप्पांना सांगितलं.
जन्मभर सागवानाचे पॅटर्न केलेला माणूस.
म्हणाले, "ह्यात नवीन काय?
पॅटर्न कायम मोठाच करायचा.
लोखंड आकसतंय की गं.
माप आत्ताचं न्हाई धरायचं,
गार झाल्यावरचं धरायचं."
उलटं आहे अप्पा, मी म्हटलं,
इथं आकसत काही नाही,
इथं बाकीचं सगळं वाढायचं असतं.
"आणि न्हाई वाढलं तर?"
एवढं विचारून ते बातम्या बघायला लागले.

गार्गीला वर्गात फावडी म्हणतात.
पुढचे दोन दात नवे, रुंद, कडेला करवतीसारखे,
आणि चेहरा अजून आठ वर्षांचा.
फोटोत हसताना तोंडावर हात.
मी सांगितलं, दात मोठे नाहीत गं,
तोंड यायचंय मागून.
"कधी?" म्हणाली.
तारीख मागते ती प्रत्येक गोष्टीची.

तक्त्यात पिल्लाची ओळ भरली.
वय दहा महिने.
झीज, या रकान्यात
रेघ मारावी की शून्य लिहावं,
यावर उगाच अर्धा तास गेला.

जानेवारीत भेराराम आला,
फाटकाबाहेर नवा उंट बांधून.
आईच्या कवटीवरून नुसता हात फिरवला.
पिल्लाच्या खिडकीत मात्र
अंगठा घालून दाढ चाचपली, खूप वेळ.
हा तर अख्ख्या उंटाचा दात आहे, म्हणाला.
मी हो म्हटलं.
मग कवटी खाली ठेवता ठेवता विचारलं,
हे भोक बुजवता येईल का?
मोजून झालंय ना तुमचं.

मेण आहे कपाटात, म्हटलं.
थांबला. मी मेण वितळवेपर्यंत
स्टुलावर बसून राहिला,
या वेळी चहा घेतला.