नऊ सेकंद

गिरणीचा भोंगा व्हायचा
तेव्हा नाना मनगटावरचं घड्याळ लावायचे.
गिरणीपासून आमचं पूर्व भागातलं घर
सरळ रेषेत तीन किलोमीटर.
आवाजाला तेवढं यायला नऊ सेकंद लागतात
हे मला फार उशिरा कळलं.
तोवर नानांच्या सगळ्या पाळ्या
नऊ सेकंद मागे भरून झाल्या होत्या.

आज गच्चीवर मी, करमाळ्याला शिवलीला हत्तुरे.
मधे सव्वाशे किलोमीटर ज्वारी, आणि तिच्यावरचा अंधार.
पावणेतीनला एक लघुग्रह
एका ताऱ्यापुढून जाईल, जेमतेम चार सेकंद.
त्याची सावली जिल्ह्यावरून सरकेल,
कुणाला झाकून, कुणाला न शिवता.

मागच्या खेपेला फोन कानाला धरून केलं:
एक, दोन, तीन, हां!
तिचा हां माझ्यापर्यंत कधी पोचला
ते रेंजलाच ठाऊक.
तारा दोघांनी पाहिला. आकडे वाया.

मग बोल्लीच्या गॅरेजमधून
भंगार ट्रकांचे दोन ट्रॅकर आणले,
दोनशे ऐंशीला जोडी.
प्रत्येकाला एक लाल दिवा डाग देऊन जोडला,
दुर्बिणीच्या तोंडाशी बांधला, मागाच्याच सुताने.
चार उपग्रह सापडले की तो लुकलुकतो
दर सेकंदाला,
इथे आणि करमाळ्याला एकाच क्षणी.
मिनिट भरलं की जरा लांब पेटतो,
ते मी शिकवलं त्याला.

खालचा चिप्पाचा माग चालला की गच्ची हादरते,
म्हणून एक पाळी बंद ठेवायला लावली.
त्याचे चारशे झाले.
सगळ्या खर्चात तेवढंच महाग.

तारा गेला.
मागाविना इतकी शांतता
मी या गल्लीत कधी ऐकली नव्हती.
लाल. लाल. लाल.
चौथ्याच्या आधी तारा आला.

सकाळी शिवलीलाचा आकडा:
सहा सेकंदांनी उशिरा, आणि एक पूर्णांक एकच.
सावली तिला काठाने घासून गेली.
आलेखाच्या कागदावर दोन रेघा ओढल्या,
एक लांब, एक तोकडी.
टोकं जोडली तर
कडेला मोडलेल्या कडक भाकरीसारखं काहीतरी निघालं.
तिला पाठवलं. ती म्हणाली, भाकरी कसली,
दोन रेघांवरून एवढं बोलू नये.
बरोबर आहे तिचं.

नानांचं घड्याळ खिळ्याला आहे.
रोज त्या लाल दिव्यावर लावतो
आणि नऊ सेकंद मागे सोडतो.
गिरणी पाडून टाकली.
ती किती लांब होती
तेवढं त्याच्यात अजून आहे.