तिसरा टिकत नाही

पहिला लागतो. दुसरा लागतो.
सपाटीवर चौथाही, कुलपात आपलीच किल्ली फिरावी तसा.
फक्त तिसरा,
आणि तोही चढावर, पातं मुरमात रुतलेलं असताना,
खट् करून बाहेर येतो,
आणि बारा टनांचा ग्रेडर
जांबोटीच्या वळणावर मागं घरंगळायला बघतो.

"नवा बांधून दिलास म्हणालास की रे,"
हुद्दार कंत्राटदार फोनवर. "मग ह्ये काय निसटायलंय?"

पहिल्यांदा खोलला तो उद्यमबागेत, शेडमध्ये,
साखळीला टांगून.
नव्वद नंबर तेलाचा वास तीन दिवस भाकरीला.
ड्रेन प्लगच्या चुंबकाला
चुऱ्याच्या मिशा फुटलेल्या.
बेअरिंगं नवी टाकली, फोर्क भरून घासला,
दातांना निळी लावून हातानं फिरवलं:
ठसा मधोमध, हवा तिथं.
मी म्हटलं, झालं.

दुसऱ्यांदा रस्त्याकडेला, ताडपत्रीखाली.
तेव्हा संशय गोळीवर होता.
वाटाण्याएवढी पोलादी गोळी,
स्प्रिंगच्या जोरावर खाचेत बसते
आणि गिअरला म्हणते, थांब हितंच.
स्प्रिंग बदलली. खाली वॉशर सारून आणखी ताठ केली.
मग तिसरा टाकायला दोन्ही हात लागायला लागले,
निसटायला मात्र
एकही नाही.

तिसऱ्यांदा का खोलला ते विचारू नका.
माणूस एकदा आत बघायला शिकला
की आतच बघत बसतो.

इराप्पा पहिल्या दिवसापासून सांगत होता.
बत्तीस वर्षं त्याच सीटवर,
फोमला त्याच्या बैठकीचा खड्डा.
"अळ्ळाडतैती," म्हणायचा, हलतंय,
आणि आडवा तळहात एका अंगानं उचलून दाखवायचा.
मला कानडी येते की.
दर करण्यापुरती, दम देण्यापुरती.
मी विचारलं, काय हलतंय? लिव्हर?
तो म्हणाला, "लिव्हरू."

आता त्यांच्यात शेवटचा उकार ऱ्हस्व असला
तर नुसता लिव्हर.
दीर्घ असला, तर लिव्हरसुद्धा.
दोन हजारांश इंचाचा फरक मी बोटाच्या पेरानं ओळखतो,
आणि तेवढा एक उकार
कानातून तसाच गेला.

पाना पडला म्हणून वाकलो, एवढंच निमित्त.
इराप्पानं ब्रेक दाबून तिसरा टाकला, क्लच सोडला,
आणि माझ्या डोळ्यांसमोर
आख्खं इंजिन डाव्या अंगानं दोन बोटं उठलं,
झोपलेल्या म्हशीनं कूस बदलावी तसं,
आणि परत बसलं.
खाली माउंटचं रबर,
तेल पिऊन पिऊन काकवी झालेलं.
इंजिन उठलं की त्याला जोडलेला गिअरबॉक्स उठायचा,
लिव्हरची दांडी मात्र केबिनला बांधलेली.
ती ओढायची. तिसरा यायचा.
त्या पेटीचा काही दोष नव्हता.

दोन रबरं, सातशे चाळीस रुपये,
खानापुरात, तीही उधारीवर.

मग चढ. पातं खाली. मुरूम उलटत, कुरकुरत.
अर्ध्या चढावर इराप्पानं लिव्हरवरचा हात काढला
आणि रिकामा तळहात
काचेतून मला दाखवला, काही न बोलता.
मीही काही बोललो नाही.
माझ्याकडे तेव्हा कुठल्याच भाषेत काही नव्हतं.

बिलात "रबर, दोन नग" लिहिलं.
खाली "खोलणे व बांधणे, तीन वेळा"
आणि पुढचा रकाना कोराच ठेवला.
हुद्दारनं तो कोराच फेडला.

एक वॉशर उरलाय.
तिसऱ्या बांधणीनंतर ताटलीत राहिलेला, पितळी,
एका बाजूला तेलाची खाच.
कुठला, आठवत नाही.
पावसाळा उलटला, ग्रेडर अजून चालतोय,
चहा पिताना मी खिशात तो चाचपतो
आणि जांबोटीकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो,
काही आवाज येतोय का रे?