मानशीचं दार

चोडणात मानस म्हणतात त्या दाराला,
नदी आणि खाजन यांच्या मधल्या,
बांधाच्या पोटात, चिऱ्याच्या दोन खांबांत बसवलेल्या.
मी फोंड्याचा. शाळेत मला
मानस म्हणजे मन, एवढंच शिकवलं होतं.
कामाच्या कागदावर लिहिलं होतं : गेट क्रमांक चार.

रुझारबाब दाराशीच बसलेला, ओठांत विझलेली विडी.
मी पेटी उघडली. सेन्सर, सौर पत्रा, सिमकार्ड,
नटबोल्टांची पुडी.
"हें कितें करतलें?"
पाणी मोजणार, मी म्हटलं, दर सहा मिनिटांनी.
मग लांब कुठेतरी एक यंत्र ते वाचणार, शिकणार,
आणि दार कधी उचलायचं ते तुमच्या फोनवर सांगणार.
"शिकतलें?" तो म्हणाला. "कोणाकडल्यान?"

तुमच्याकडून, रुझारबाब.
म्हणून मग दोन दिवस तो बोलत राहिला, मी भरत राहिलो.
एकतीस वर्षांच्या भरत्या, उधाणं, भांगाची पाणी,
खांबावरच्या कोळशाच्या रेघा,
बांध फुटला ते साल, आणि त्याचं लग्न ज्या साली झालं ते
(ते त्याने आधी सांगितलं).
पाणी फिरायच्या आधी चिखलाला वास येतो, म्हणाला.
कुर्ल्या एक हात वर सरकतात.
दोन्हींना रकाना नव्हता.
'शेरा' नावाच्या रकान्यात मी 'वास' असं लिहिलं,
ते पुढे कुणी वाचलं की नाही, कळलं नाही.

वरच्या बाजारात बाबांचं रेडिओचं दुकान होतं.
दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत
ते कान घालून बसायचे, जसं कुणी दुसऱ्याच्या घरात डोकावतं.
त्यांच्या मीटरचा काटा आकड्यावर कधी उभा राहत नसे,
आकड्याच्या आसपास कापत असे.
मी विचारायचो, किती लिहू?
"आसपास वाच," बाबा म्हणायचे.

माझ्या तक्त्यात बंद म्हणजे शून्य, उघडं म्हणजे एक.
पण रुझारबाबचं बंद दार झिरपायचं.
फटीत गवत, गवतावर चिखल, चिखलावर त्याचा अंगठा,
तरी झिरपायचं,
आणि त्या झिरपण्यावरून तो ओळखायचा
बाहेर नदीचं काय चाललंय.

कार्तिकातल्या अमावास्येला फोन म्हणाला : दोन चाळीस.
रुझारबाब म्हणाला : तीनच्या आत नाही.
तीनला त्याने दार उचललं. पाणी केव्हाच फिरलं होतं.
शेताला काही झालं नाही, पिशवीच्या जाळ्यात झिंगे जरा कमी, इतकंच.
सकाळी त्याचा फोन आला. "हांव चुकलों."
आवाजात हसू होतं की दुसरं काही, मला पकडता आलं नाही.
हल्ली आवाज तुकड्यांनी येतो,
मधलं कुणीतरी जोडून देतं.

आता मोटर बसली आहे. दार आपोआप जातं वर.
गेल्या आठवड्यात बॅटरी बदलायला गेलो, तर म्हणाला,
निजायला मिळतं रे, एकतीस वर्षांचं उरलेलं.
आणि मिळतं?
"सुकती लागली की डोळा उघडतो.
मग फोनाकडे बघत पडून राहतो.
त्याला अजून कळायचं असतं.
कळतं म्हणा, थोड्या वेळाने.
पोरगं हुशार आहे."

घरी आल्यावर कपाटातून बाबांचा मीटर काढला.
सेल नाही, वायरी नाहीत,
पुढच्या काचेला तडा.
फडक्याने पुसायला म्हणून हातात घेतला
तर काटा हलला.
माझाच हात कापत असेल.
किती, ते मी कुठे लिहिलं नाही.
आसपास वाचलं.